हवेतली नावं

“आणखी किती ताकद लावू, बुवा?”

सुहास वाळिंबे दारातूनच बोलला. चपला काढल्या, नमस्कार विसरला.

रेवणबुवा भोजनगृहाच्या ओट्यावर बसून लिंबं चिरत होते. येरळा नदीकाठच्या आमच्या मठाचे ते प्रमुख. उत्सवाच्या सकाळी पंगतीची लिंबं तेच चिरतात. वय झालंय, पण फोड सारखी पडते.

“कुणाची ताकद?” बुवांनी विचारलं.

“वायफायच्या डब्यांची. सगळे पूर्ण ताकदीवर चालू आहेत. याच्या वर जायला जागा नाही.”

“मग जाऊ नको.”

“पण चालत नाही ना, बुवा.”

“काय चालत नाही?”

“काहीच.”

बुवांनी एक फोड ताटलीत टाकली.

“एवढी ताकद लावून?”

“एवढी ताकद लावून.”

बुवा हसले. सुहास हसला नाही. त्याच्या खांद्याला पिशवी होती. कपड्यांची. ती त्याने दाराशी ठेवली, बुवांना दिसेल अशी.

पिशवीचं कारण सांगायला हवं.

सुहास पुण्याचा. मोठ्या कंपनीत होता. मजल्यामागून मजले, हजारो माणसं, आणि सगळ्यांचं बिनतारी जाळं हा एकटा बघायचा. मग एका उत्सवाला आला आणि राहिला. बुवांनी कारण विचारलं नाही.

आमचा मठ लहान नाही. दवाखाना आहे, शाळा आहे, मागाची शेड आहे, भक्तनिवास, कचेरी, कोठी. कोठी माझ्याकडे. या सगळ्यांना सुहासने वायफाय दिलं. कामाला तो चोख आहे. मी उगाच कुणाला चोख म्हणत नाही.

पण बोलण्याला लगाम नाही.

मागल्या सभेत तो सगळ्यांसमोर उठला. म्हणाला, उत्सवाच्या दुपारी आपल्या दवाखान्यातल्या खाटेवरचा रोगी शहरातले हृदयाचे डॉक्टर तिथं बसून तपासतील. समोरासमोर, पडद्यावर. आणि नाही तपासता आलं, तर मी पिशवी भरून जाईन. मला कुणी थांबवू नका.

त्याला कुणी विचारलं नव्हतं.

काल चाचणी झाली. दवाखान्याच्या डॉक्टर शकीला मुजावर यांनी खाटेपाशी टॅबलेट धरला. शहरातले डॉक्टर दिसले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. चित्र थिजलं. खाटेवरच्या म्हाताऱ्या तानूबाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “ह्यालाच कायतरी झालंय. ह्याला तपासा.”

सगळा दवाखाना हसला. सुहास जेवला नाही.

आज दुपारी शहरातले डॉक्टर पुन्हा येणार होते. पडद्यावर. दुपारची पंगत बसायच्या आधी.

“बस,” बुवा म्हणाले. “आणि लिंबं पिळू नको, चीर.”

सुहास बसला. सुरी घेतली.

“तुझा डबा काम नसताना गप्प बसतो का?”

“नाही बुवा. त्याला सतत आपलं नाव पुकारत राहावं लागतं. मी इथं आहे, मी इथं आहे. त्याशिवाय फोनला कळणार कसं?”

“किती नावं पुकारतो?”

सुहासने जरा मान ताठ केली.

“सगळी. प्रत्येक डबा सगळी नावं पुकारतो. कंपनीतसुद्धा एवढी जाळी मी एका वेळी चालवली नव्हती.”

“आणि सगळे डबे एकाच वेळी?”

“एकाच वेळी.”

“हवा वेगवेगळी?”

“हवा कशी वेगळी असेल, बुवा. हवा एकच.”

“मग काम कधी करतात?”

“पुकारण्याच्या मधल्या वेळात.”

“मधला वेळ उरतो?”

सुहासने लिंबाऐवजी बोट कापून घेतलं असतं. बुवांनी सुरी काढून घेतली.

आता ती नावं.

आमच्या मठात देणाऱ्याचं नाव वस्तूवर घालतात. जुनी रीत आहे. बाकावर नाव, पिंपावर नाव, परातीच्या काठावर नाव. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. पंख्याच्या पात्यावरसुद्धा.

वायफायचा पहिला डबा नेमगोंडा पाटलांनी दिला. अण्णा म्हणतात त्यांना. द्राक्षबागायतदार, मठाचे विश्वस्त, मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. डबा भिंतीवर चढला तेव्हा अण्णा खालून बघत राहिले.

“आईचं नाव कुठं घालणार?”

“तेवढ्या वर कोण वाचणार, अण्णा?”

“मग दिलं कशाला मी?”

सुहासला तेव्हा काय सुचलं कोण जाणे. म्हणाला, “डब्यावर कशाला? हवेतच घालतो की.”

आणि खरंच घातलं. अण्णांनी फोन काढला. जाळ्यांच्या यादीत दिसलं: कै. आक्काताई.

आडनाव मावलं नाही. पण अण्णांचे डोळे भरले. त्यांनी तो फोन दिवसभर खिशात ठेवला नाही. ज्याला त्याला दाखवत फिरले.

झालं. ज्यांनी डबे दिले, त्या सगळ्यांना हवं झालं. आणि एका डब्यावर नव्हे, सगळ्या डब्यांवर हवं. अण्णांना आई शाळेतही दिसायला हवी, दवाखान्यातही, मागाच्या शेडमध्येही. अण्णांना मिळालं म्हणून दुसऱ्यांना. सुहासने कुणालाही नाही म्हटलं नाही.

भक्तनिवासात उतरलेल्या एका बाईंनी फोन उघडला तर सगळे कैलासवासी ओळीने उभे, आणि प्रत्येकजण पासवर्ड मागतोय. बाईंनी फोनला हात जोडले आणि पदराखाली झाकला.

“मला उपाय सांगा, बुवा,” सुहास म्हणाला. “दुपार जवळ आली.”

“आमटीची बादली उचल.”

“बुवा, मी वायफायचं विचारतोय.”

“मी आमटीचं सांगतोय.”

सकाळची पंगत बसत होती. उत्सवाला येणारे दुपारी जेवतात. त्याआधी राबणारे जेवतात. आचारी, झाडणारे, मांडव घालणारे, दवाखान्यातल्या रोग्यांची माणसं. डॉक्टरबाई त्यांच्यातच बसतात. अण्णा पाटीलही त्या दिवशी पहिल्या ओळीत बसले होते, पांढरी टोपी, पुढ्यात पत्रावळ.

आमच्याकडे पंगत सुरू होताना अन्नदात्यांची नावं एकदा पुकारतात. ते काम माझं. मी घसा साफ केला.

“थांब,” बुवा म्हणाले. “आज तू नको. आज वाढपी पुकारतील.”

“कोणता वाढपी?”

“सगळे. प्रत्येक पत्रावळीपुढं उभं राहायचं. आधी सगळ्या अन्नदात्यांची नावं घ्यायची. स्मरणार्थसकट. मग वाढायचं. पुढच्या पत्रावळीला परत पहिल्यापासून.”

“बुवा, भात गार होईल.”

“होऊ दे.”

“आमटीवर साय धरेल.”

“धरू दे. आणि मोठ्यांदा. पूर्ण ताकदीनं.”

हे म्हणताना त्यांनी सुहासकडे बघितलं नाही.

मला पटलं नाही. पण मठात माझं पटणं विचारत नाहीत.

वाढपी ओळींत शिरले. एकाने सुरू केलं, दुसऱ्याने सुरू केलं, मग सगळेच. कै. आक्काताई पाटील यांच्या स्मरणार्थ. कै. तुकाप्पा शेटे यांच्या स्मरणार्थ. एक मध्यावर पोचतो तोवर दुसरा त्याला ओलांडून जायचा. मग पहिला गोंधळायचा आणि परत सुरुवातीपासून धरायचा.

अण्णा आधी खूश होते. आईचं नाव चारी बाजूंनी ऐकू येत होतं. त्यांनी शेजारच्याला कोपराने ढोसलं.

मग त्यांचं लक्ष पत्रावळीकडे गेलं. पत्रावळ कोरडी.

“अरे भात,” ते म्हणाले.

त्यांच्यापुढचा भातवाला अजून स्वर्गवासी झालेल्यांच्या मध्यावर होता. त्याने डोळ्यांनी थांबायला सांगितलं.

पलीकडच्या टोकाला भाताची बादली घेऊन बाबू पैलवान होता. बाबूचा आवाज नदीपलीकडे जातो. त्याचाच आवाज सगळ्यांत स्पष्ट येत होता. त्यामुळे या टोकाची माणसंही त्यालाच हाका मारू लागली. बाबू, इकडे. बाबू, भात. आपल्या नाकासमोर भरली बादली घेऊन उभा असलेला माणूस कुणाला दिसेना. मांडववाला म्हादू तर पत्रावळ उचलून बाबूकडे चालत निघाला. वाटेत त्याच्यासारखेच आणखी निघालेले. बाबूभोवती ही गर्दी. बाबू घामाघूम. बाकीच्या बादल्या भरलेल्याच.

डॉक्टरबाई मोठ्याने म्हणाल्या, “अरे बाबांनो, मला भात द्या, वंशावळ नको.”

मी हसत नाही. पण तेव्हा मला तोंड फिरवावं लागलं.

सुहास आमटीची बादली घेऊन मधल्या ओळीत होता. पहिल्या पत्रावळीपुढे. घसा बसला होता. नावं म्हणून झाली की तो पळी उचलायचा, तेवढ्यात मागचा ओरडायचा, समोरच्याला ऐकू यायचं नाही, समोरचा विचारायचा, “काय म्हणालास?” आणि सुहास परत सुरुवात करायचा.

पळी बादलीतून बाहेर आलीच नाही.

तिसऱ्यांदा सुरू करताना तो मध्येच थांबला.

त्याने या टोकाकडून त्या टोकाकडे बघितलं. ओरडणारे वाढपी. भरल्या बादल्या. कोरड्या पत्रावळी. बाबूभोवतीची गर्दी. म्हादू, उभ्या उभ्या पत्रावळ पुढे करणारा.

त्याने बादली खाली ठेवली आणि तो हसायला लागला. ओळीतच, मांडी घालून बसला आणि हसला. एवढा की समोरच्या झाडूवाल्या काकूंनी त्याला पाणी दिलं.

बुवा ओट्यावरून उतरले. त्यांनी हात वर केला. सगळे गप्प झाले. नुसता पंख्यांचा आवाज.

त्यांनी सुहासची बादली उचलली. काकूंच्या पत्रावळीपुढे वाकले. अगदी हळू विचारलं,

“आमटी?”

काकूंनी मान हलवली. पळी पडली.

बुवा पुढच्या पत्रावळीला गेले. “आमटी?” पळी पडली. शेजारच्या ओळीत भातवाल्याने तेच केलं. “भात?” प्रत्येकाने आपली ओळ धरली. पलीकडच्या ओळीत काय चाललंय ते या ओळीत ऐकू येत नव्हतं. यायची गरज नव्हती. म्हादू गुपचूप आपल्या जागी येऊन बसला.

पंगत वाढून झाली. भात अजून कोमट होता. हे मला कबूल केलं पाहिजे.

बुवा परत ओट्यावर येऊन बसले. सुहास त्यांच्या पायाशी येऊन बसला.

“हे मला माहीत होतं, बुवा.”

“बरं.”

“आमच्या शिक्षणात सुरुवातीलाच सांगतात. नावं कमी ठेवा. आवाज जवळच्यापुरता ठेवा. मी दुसऱ्यांना शिकवलंय हे.”

“मग?”

“नाही म्हणता आलं नाही कुणाला.”

“एवढंच?”

“मोजायला बरं वाटत होतं. एवढी जाळी मी एकटा चालवतो असं सांगायला.”

बुवांनी त्याला लिंबाची फोड दिली. सुहासने ती मीठ न लावता खाल्ली. तोंड वाकडं झालं.

“आता काय करशील?”

“तीन जाळी पुरतात. एक दवाखान्याचं. रोग्यांचं काही बाहेर जायला नको, म्हणून ते वेगळं. एक मठाच्या कामाचं. शाळा, कचेरी, कोठी, माग. आणि एक पाहुण्यांचं. त्यांना आतलं काही दिसायला नको.”

“नावं?”

“दवाखाना. मठ. पाहुणे.”

“आणि ताकद?”

“निम्म्याहून कमी. ज्या खोलीत डबा, त्या खोलीपुरती. मग खोलीतला फोन खोलीतल्याच डब्याला धरेल.”

“मघाशी वाढवायची होती.”

“मघाशी मी शहाणा होतो.”

बुवा हसले. मग सुहासचा चेहरा पडला. अण्णा पाटील हात धुऊन ओट्याशी आले होते. त्यांनी ऐकलं होतं.

“तीन म्हणजे?” अण्णांनी विचारलं. “आणि आमची आई?”

त्यांनी सुहासकडे बोट केलं.

“काढणार व्हय आईला? बुवा, तुमच्यासमोर बोलतोय हा पोरगा. आई जाताना मी परगावी होतो. शेवटचं तोंड बघितलं नाही. आता रोज सकाळी मठात येतो, फोन उघडतो, ती दिसते. आणि हा म्हणतो तीन पुरतात.”

आवाज मोठा होता, पण चिरला होता. सुहासने मान खाली घातली. त्याची नजर दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे गेली. मी ते बघितलं.

“अण्णा,” बुवा म्हणाले, “मागल्या उत्सवाला पंखा दिलास तू. त्यावर नाव घातलं होतं का?”

“घातलंय की. पात्यावर.”

“कुठला पंखा?”

“हा काय, डोक्यावरचा.”

“वाच बघू.”

अण्णांनी टोपी मागे सारली आणि वर बघितलं. वैशाख होता. पंखा भरात फिरत होता.

“फिरतोय की, बुवा. कसं वाचू?”

बुवा उठले. भिंतीशी गेले. बटण दाबलं.

पंखा मंदावला. थांबला. पात्यावर लाल रंगात सुबक अक्षरं होती. अण्णांनी एक एक शब्द वाचला. कै. आक्काताई. पाटील. स्मरणार्थ.

तोवर खालची माणसं घामाने निथळायला लागली. पत्र्याचं छप्पर आहे. झाडूवाल्या काकूंनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. डॉक्टरबाईंनी रिकामं ताट हलवलं. एक तान्हं रडायला लागलं.

अण्णांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. त्यांना अक्षरं दिसेनाशी झाली.

“नीट वाच,” बुवा म्हणाले. “आम्ही थांबतो.”

अण्णांनी बाहीने डोळे पुसले.

“वाचून झालं?”

“लावा, बुवा,” अण्णा म्हणाले. “लावा पंखा. पोर रडतंय.”

बुवांनी बटण दाबलं. पाती फिरू लागली. अक्षरं पुसट झाली, मग एक लाल वर्तुळ झालं, मग तेही गेलं. खाली वारा आला. तान्हं गप्प झालं.

अण्णा वरच बघत होते.

बुवा सुहासकडे वळले.

“तुझ्या यादीत सगळ्यांत वर कुणाचं नाव आहे?”

सुहासने लॅपटॉप उघडला, यादी वर सरकवली.

“कुणाचं आहे?”

“सद्गुरू,” सुहास म्हणाला.

आमच्या बुवांचे गुरू. त्यांनी मठ उभारला. त्यांची समाधी नदीकडच्या अंगाला आहे. त्यांच्या नावाचं जाळं सुहासने स्वतःहून काढलं होतं, कुणी न सांगता. त्याचा त्याला अभिमान होता.

“ते पहिलं काढ.”

“बुवा… ते कसं काढू?”

“कसं काढतात ते तुला ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे.”

“मग?”

सुहासचा हात पुढे जाईना. मी पुढे झालो. मी म्हटलं, “बुवा, एवढं एक राहू दे.” मी सहसा मध्ये बोलत नाही.

बुवांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते सुहासच्या शेजारी बसले. चष्मा लावला.

“कुठं दाबू?”

सुहासने बोटाने दाखवलं.

बुवांचं बोट लिंबाच्या रसाने ओलं होतं. त्यांनी ते धोतराला पुसलं आणि दाबलं.

“खरंच काढायचं का, असं विचारतंय,” सुहास म्हणाला.

“भला आहे. विचारून करतो.” त्यांनी पुन्हा दाबलं.

नाव गेलं.

मला वाटलं काहीतरी होईल. काही झालं नाही. पाखरं बोलत होती. समाधीकडून उदबत्तीचा वास येत होता, रोज येतो तसा.

अण्णांनी टोपी काढली, परत घातली. ते सुहासच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले.

“आता आईचं काढ,” ते म्हणाले. “मी दाबतो.”

त्यांचा अंगठा जाड. पहिल्यांदा शेजारचं तुकाप्पा शेट्यांचं नाव गेलं.

“असू दे,” अण्णा म्हणाले. “त्याचंही जाणारच होतं. त्याच्या पोरांना मी सांगतो.”

दुसऱ्यांदा बरोबर दाबलं गेलं.

त्यानंतर सुहास कुणाशी बोलला नाही. लॅपटॉप मांडीवर घेऊन इमारतीतून इमारतीत फिरत राहिला. नावं काढली. ताकद उतरवली. जुन्या नावांना चिकटून बसलेले फोन सोडवले आणि नव्या नावांना जोडले. शाळेत गेला, मागाच्या शेडमध्ये गेला. कोठीत आला तेव्हा मी त्याला ताक दिलं. तो प्यायला आणि पेला धुऊन ठेवला. आधी कधी धुतला नव्हता.

दुपार झाली.

दवाखान्यात तानूबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. छातीला तारा लावलेल्या. डॉक्टरबाईंनी टॅबलेट धरला. खोलीतल्या भिंतीवरचा डबा हिरवा दिवा लावून बसला होता. अगदी लहान दिवा.

बुवा दारात उभे होते. अण्णा त्यांच्या मागे. मी त्यांच्या मागे. सुहास खिडकीशी, पाठ करून. त्याला बघवत नव्हतं.

शहरातले डॉक्टर दिसले. त्यांनी तोंड उघडलं.

“नमस्कार, आजी,” ते म्हणाले आणि तोंड मिटलं.

तानूबाईंनी टॅबलेटकडे नीट बघितलं.

“बरा झाला व्हय रे तू?” त्या म्हणाल्या.

शहरातल्या डॉक्टरांना काही कळलं नाही, पण ते हसले. हसताना हलले. डॉक्टरबाई एवढ्या हसल्या की टॅबलेट हलायला लागला आणि सुहासला धावत येऊन तो धरावा लागला.

मग तपासणी झाली. हृदयाची वेडीवाकडी रेघ इकडे उठत होती आणि तिकडे त्याच क्षणी दिसत होती. डॉक्टरांनी काही विचारलं, डॉक्टरबाईंनी उत्तर दिलं. औषध बदललं. शहरात न्यायची गरज नाही, असं ते म्हणाले.

“दुखत होतं ते जाईल, आजी.”

“जाईल तर जाऊ दे,” तानूबाई म्हणाल्या. “तू जेवलास का?”

“नाही अजून.”

“मग हे बंद कर आणि जेव.”

त्यांच्यानंतर दुसरा रोगी, मग तिसरा. एकदाही चित्र थांबलं नाही. बाहेर मांडवात पाहुणे आपल्या फोनवर उत्सवाची छायाचित्रं नातेवाइकांना पाठवत होते. शाळेत मास्तरांचं काम चाललं होतं. कुणाचा कुणाला अडथळा नव्हता.

सुहास काही बोलला नाही. मला वाटलं होतं बोलेल.

पंगत बसली. मोठी पंगत, मांडवभर. मी अन्नदात्यांची नावं पुकारली. एकदाच.

अण्णा पाटील जेवायला बसले नाहीत. त्यांनी भाताची बादली मागितली. विश्वस्त माणूस. मी दिली नाही. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली.

तानूबाईंना खुर्चीत बसवून मांडवात आणलं होतं. अण्णा त्यांच्यापुढे वाकले.

“भात?”

“घाल. गुरगुट्या आहे न्हवं?”

“गुरगुट्या आहे.”

तानूबाईंनी त्यांच्याकडे मान वर करून बघितलं. डोळे बारीक केले.

“तू कुणाचा रे?”

अण्णा आणखी वाकले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण शेजारच्या पत्रावळीला ऐकू गेलं नसेल. मी मागे लिंबं घेऊन होतो, म्हणून मला ऐकू आलं.

“आक्काताईंचा,” ते म्हणाले.

“गुणाची असंल,” तानूबाई म्हणाल्या आणि भात कालवायला लागल्या.

अण्णा पुढच्या पत्रावळीला गेले. त्यांचा चेहरा मी तेव्हा नीट बघितला. लग्नघरातल्या माणसाचा असतो तसा होता.

पंगत उठली. सुहास ओट्यापाशी आला. त्याने दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि बुवांसमोर आणून ठेवली. या वेळी नमस्कार केला.

“बुवा, सकाळी मी फार बोललो.”

“हं.”

“मागल्या सभेतही फार बोललो.”

“हं.”

“दुपारचं झालं. पण ते माझ्यामुळे झालं असं मला म्हणता येत नाही. मी थांबू की जाऊ, ते तुम्ही सांगा.”

बुवांनी ताटलीकडे बघितलं. ताटलीत सालं होती, फोड एकही नव्हती.

“पिशवीत काय आहे?”

“कपडे.”

“रिकामी कर,” बुवा म्हणाले. “रात्रीच्या पंगतीला लिंबं कमी पडतायत.”